दिवाणखान्यातले रणांगण

होळी सरली की जव्हार आणि मोखाड्याच्या डोंगराळ पट्ट्यात बोहाड्याचे दिवस सुरू होतात. रात्र चढू लागते, मशाली पेटतात, संबळ आणि सनईच्या तालावर एकामागून एक सोंगे नाचत पुढे येतात. गणपती येतो, सरस्वती येते आणि मग देव व दैत्य आमनेसामने उभे ठाकतात. कोणत्या सोंगाचा मान कोणत्या घराण्याचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. लढाई घनघोर होते. मात्र पहाटे मुखवटा उतरला की रात्री दैत्य झालेला माणूस निमूटपणे आपल्या घरी जातो. शहरातल्या मुलांची हीच ओढ दिवाळीत दिसते. इमारतीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर हळीव पेरले जातात, बुरुजाबुरुजांवर मातीचे मावळे मांडले जातात आणि पायथ्याशी शत्रूची फौज येऊन थांबते. पुढे काय होणार, हे किल्ला करणाऱ्या मुलाच्या मनावर असते. त्याला नियम नसतो.

अशा लढाईला नियम देण्याचा उद्योग एका जगप्रसिद्ध लेखकाने केला. राक्षस, ड्रॅगन, जादूगार आणि बुटक्या योद्ध्यांच्या बोटभर उंचीच्या पुतळ्या जेवणाच्या टेबलावर मांडून खेळले जाणारे काल्पनिक युद्धखेळ आज जगभर लोकप्रिय आहेत. नवा खेळ घरी आणायचा, खोके उघडायचे, नियमांची पुस्तिका हाती धरून मित्राबरोबर पहिली चाचणी लढाई करायची, हा अनेकांचा सुट्टीतला आवडता कार्यक्रम असतो. या सगळ्या खेळांची वंशावळ मागे शोधत गेले, तर ती इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावरील एका घरात जाऊन पोहोचते. ते घर हर्बर्ट जॉर्ज वेल्सचे. कालयंत्र, अदृश्य माणूस आणि मंगळावरून आलेले आक्रमक जगाला देणारा हा लेखक जमिनीवर पालथा पडून शिशाच्या शिपायांशी तासन्‌तास खेळत असे, हे मराठी वाचकाला फारसे ठाऊक नसते. खेळातले युद्ध आणि खरे युद्ध यांच्यामधली रेषा या माणसाच्या आयुष्यातून आरपार गेली आहे.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रॉमली गावी झाला. वडील जोसेफ वेल्स चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवीत. दुकान जेमतेम चाले. खरी मिळकत, जी काही होती ती, क्रिकेटमधून येई. जोसेफ हे केंट परगण्याचे धंदेवाईक गोलंदाज होते आणि १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेण्याचा पराक्रम त्यांच्या नावावर आहे. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये असे पूर्वी कोणी केले नव्हते. आई सारा लग्नापूर्वी श्रीमंत घरात मालकिणीची दासी होती. घरात पैसा नव्हता आणि पुढे जोसेफ यांचे मांडीचे हाड मोडल्यावर क्रिकेटही संपले.

हाड मोडण्याचा हा प्रकार या घराण्यात दोनदा घडला आणि दोन्ही वेळा त्याने मुलाचे भवितव्य बदलले. १८७४ मध्ये लहानग्या बर्टीचा पाय मोडला. अंथरुणावर पडून राहिलेल्या मुलाला वडील पुस्तके आणून देऊ लागले आणि त्याला वाचनाचे वेड लागले ते कायमचे. वडिलांच्या अपघातानंतर मात्र शिक्षणाऐवजी पोटाचा प्रश्न पुढे आला. आई अपपार्क या जुन्या जमीनदारी वाड्यात कारभारीण म्हणून राहायला गेली आणि मुलाला कापडाच्या दुकानात उमेदवारीवर धाडण्यात आले. दिवसभर उभे राहून गठ्ठे उचलायचे, घड्या घालायच्या आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एका खोलीत झोपायचे, हे जिणे त्याला असह्य झाले. या दुकानांमधून तो अखेर सुटला तो मिडहर्स्टच्या शाळेत शिकाऊ शिक्षक म्हणून. तेथून १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या विज्ञानशाळेत थोर जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली शिकला.

त्या काळातली एक सवय मात्र येथे मुद्दाम नोंदवायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. तेरा-चौदा वर्षांचा हा किडकिडीत, गरीब मुलगा एकटाच ब्रॉमलीच्या शेतांतून आणि टेकड्यांवरून भटकत असे तेव्हा त्याच्या मनात प्रचंड युद्धे चाललेली असत. तो सरसेनापती असे. समोरची टेकडी शत्रूच्या ताब्यात असे, कुंपणाआड त्याचे घोडदळ दबा धरून बसलेले असे. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला एक शाळकरी पोर दिसे. आपल्या शेजारून एक विश्वविजेता चालला आहे, याची त्या माणसाला कल्पना येणे शक्य नव्हते.

पदवी, शिक्षकाची नोकरी, फुटबॉलच्या मैदानावर मूत्रपिंडाला झालेली गंभीर इजा, चुलत बहिणीशी झालेला आणि अल्पावधीत मोडलेला विवाह, मग एमी कॅथरिन रॉबिन्स या विद्यार्थिनीबरोबरचा दुसरा संसार, या साऱ्या गोष्टी १८९५ पर्यंत उरकल्या. त्याच वर्षी त्याची कालयंत्रावरची कादंबरी प्रसिद्ध झाली. १८९७ मध्ये अदृश्य माणूस आला आणि १८९८ मध्ये मंगळवासीयांनी इंग्लंडवर स्वारी केली. अवघ्या चार वर्षांत कापड दुकानातला उमेदवार इंग्रजी साहित्यातला एक अग्रगण्य लेखक झाला. केंटच्या किनाऱ्यावर सँडगेट येथे त्याने नामवंत वास्तुविशारद चार्ल्स व्हॉयसी यांच्याकडून आराखडा करून घेऊन घर बांधले. तेथेच १९०१ मध्ये जॉर्ज फिलिप आणि १९०३ मध्ये फ्रँक हे मुलगे जन्मले. घरात मुले आली, मुलांबरोबर खेळणी आली आणि खेळण्यांबरोबर सेनापतीही परतला.

प्रसंग अगदी साधा होता. मुलांच्या खेळण्यांच्या पसाऱ्यात दुपारचे जेवण चालले होते. पाहुणा होता एक लेखक मित्र. वेल्सने त्याची केवळ आद्याक्षरे दिली आहेत, पण तो विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असावा, असेच मानले जाते. शेजारच्या छोट्या टेबलावर चार-पाच शिपाई आणि स्प्रिंगवर चालणारी एक तोफ पडली होती. सुमारे इंचभर लांबीची लाकडी गोळी उडवणाऱ्या या खेळण्यातल्या तोफेचा नेम आश्चर्य वाटावे इतका अचूक असे. कॉफी यायची होती. पाहुण्याने खुर्ची ओढली, तोफ न्याहाळली, जपून भरली, नेम धरला आणि एक शिपाई आडवा केला. त्यानंतर त्याने बढाई मारली आणि आव्हान दिले. आव्हान तत्काळ स्वीकारले गेले.

नेमबाजीतून लढाई कशी झाली, हा या कथेतला सर्वांत मनोरंजक भाग आहे. नवा खेळ घरी करून पाहणाऱ्या प्रत्येकाला त्यात आपलेच अनुभव दिसतील. प्रथम नुसते शिपाई उभे करून पाडण्यात मजा होती. मग त्यांनी चालावे असे वाटू लागले. चालायचे तर भूभाग हवा, म्हणून विश्वकोशाचे जाडजूड खंड गालिच्यावर टाकून डोंगर तयार झाले. पायदळाने एका खेळीत एक फूट जायचे, घोडदळाने दोन फूट, असे ठरले. पण तोफा इतक्या मारक ठरल्या की दोन्ही बाजूंचे सैन्य आडोशातून बाहेरच येईना आणि खेळ रंगेना. तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या बोअर युद्धातून नुकताच परतलेला एक कॅप्टन मदतीला आला. एका खेळीत तोफेने चारच गोळ्या डागायच्या आणि तोफेपासून सहा इंचांच्या आत चार शिपाई जिवंत असतील तरच ती चालवायची, असे बंधन आले. खेळ एकदम जिवंत झाला. समोरासमोरच्या हातघाईत कोण किती मरणार, कोण कैद होणार, हे ठरवण्यासाठी आणखी नियम झाले. विचार करीत बसणाऱ्या खेळाडूला आवर घालण्यासाठी घड्याळ लावले जाऊ लागले. लढाईपूर्वी फौजा मांडताना मध्ये पडदा धरला जाई. आपल्याकडे अंतरपाट धरतात तसाच. फक्त तो दूर झाल्यावर अक्षतांऐवजी गोळ्या उडत.

विश्वकोशाच्या डोंगरांची जागा लाकडी ठोकळ्यांनी घेतली. डहाळ्या झाडे झाल्या, जमिनीवर खडूने नद्या वाहू लागल्या, पुठ्ठ्याची घरे आणि चर्च उभी राहिली. शिपाई बहुधा ब्रिटन कंपनीचे असत. या कंपनीने १८९३ मध्ये आतून पोकळ असलेले शिशाचे शिपाई बाजारात आणले आणि ते स्वस्त असल्याने घरोघरी पलटणी तयार झाल्या होत्या. या पलटणींच्या जोरावर चाळिशी ओलांडलेला, कीर्तीच्या शिखरावरचा लेखक विजारीच्या गुडघ्यांची पर्वा न करता जमिनीवर रांगत होता. घरी आलेल्या बायका या प्रकाराकडे तुच्छतेने पाहतात, अशी त्याची तक्रार होती. रणांगण पसरलेल्या खोलीतून वाट काढणाऱ्या त्या बायकांची बाजू मात्र त्याने मांडलेली नाही.

१९११ मध्ये त्याने मुलांबरोबरच्या जमिनीवरील खेळांबद्दल एक पुस्तक लिहिले आणि १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे नियमांचे पुस्तक आले. हा खेळ बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, असे त्याच्या लांबलचक उपशीर्षकात नमूद होते. मुलांचे खेळ आवडणाऱ्या हुशार मुलींनाही त्यात परवानगी होती. स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार करणाऱ्या लेखकाकडून एवढीच कृपा व्हावी, हे त्या काळाला धरूनच होते म्हणायचे.

युद्धाचा खेळ ही कल्पना अर्थात नवी नव्हती. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ पटावर आणणारे चतुरंग भारताचेच. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर खेळायचा युद्धखेळ रूढ केला होता आणि फ्रान्सवरील १८७१ च्या विजयानंतर इतर देशांच्या सैन्यांनीही तो उचलला. वेल्सला तो कंटाळवाणा वाटे. त्याने लष्करी अधिकाऱ्यांशी या विषयावर पत्रव्यवहार केला आणि आपल्या पुस्तकाला त्याविषयीचे परिशिष्टही जोडले. पण त्याच्या पुस्तकाचे खरे मर्म शेवटच्या प्रकरणात आहे. हा खेळ तीन-चार वेळा खेळलेल्या माणसाला खरे युद्ध किती घोडचुकांचे असते, हे कळून चुकेल, असा त्याचा दावा होता. जेथे साध्या शिपायांच्या छोट्या फौजेचेही धड नियोजन होत नाही, तेथे लाखो जिवंत माणसांचे काय होणार? युद्धाची खुमखुमी असलेल्या राजेरजवाड्यांना आणि देशभक्तीच्या व्यापाऱ्यांना एका मोठ्या खोलीत भरपूर खेळणी देऊन कोंडावे आणि बाकीच्या जगाला आपापले काम करू द्यावे, असे त्याने सुचवले.

हे लिहिणारा माणूस युद्धाबाबत भाबडा नव्हता. १९०३ मध्ये त्याने पोलादी चिलखत घातलेल्या, खंदक ओलांडणाऱ्या यंत्रांची कथा लिहिली होती. तसे रणगाडे १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर खरोखर उतरले. १९०८ च्या कादंबरीत त्याने शहरांवर आकाशातून बाँब टाकले आणि १९१४ च्या पूर्वार्धात आलेल्या कादंबरीत अणूच्या विघटनातून होणाऱ्या स्फोटांचे वर्णन करून त्या शस्त्राला अणुबाँब हे नावही देऊन टाकले.

आणि तरीही ऑगस्ट १९१४ मध्ये तोल गेला. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले त्याच सुमारास लेखिका रेबेका वेस्ट हिच्यापासून झालेल्या त्याच्या मुलाचा, अँथनीचा, जन्म झाला. घरात आणि जगात एकाच वेळी उलथापालथ चालली असताना वेल्स झपाट्याने लेख लिहीत होता. हे युद्ध जर्मन लष्करशाही मोडून काढील, म्हणून हे युद्धांचा अंत करणारे युद्ध आहे, असा त्या लेखांचा सूर होता. ती कल्पना इंग्रजी भाषेत म्हणीसारखी रुजली आणि नंतर उपहासाने वापरली जाऊ लागली. बर्नार्ड शॉसारखे जुने सहकारी सरकारच्या युद्धनीतीवर प्रश्न विचारीत होते तेव्हा वेल्स त्यांच्यावर तुटून पडला. सेनापतींना खेळण्यांच्या खोलीत कोंडा म्हणणारा माणूस वर्षभरात त्या सेनापतींच्या बाजूने उभा होता.

त्याचा भ्रम एकदम गेला नाही, हळूहळू ओसरला. १९१६ मध्ये तो इटली आणि फ्रान्सच्या आघाड्या पाहून आला. त्याच वर्षी त्याने एका सुखवस्तू इंग्रज लेखकाची कादंबरी लिहिली. तिच्यातले घर हे वेल्सच्या एसेक्समधील नव्या घराचेच चित्र होते. त्या लेखकाचा मुलगा आघाडीवर मारला जातो. त्या घरी पूर्वी शिकवणीला असलेला जर्मन तरुणही शत्रूच्या बाजूने लढताना मरतो. अखेरीस हा बाप त्या जर्मन मुलाच्या आईवडिलांना पत्र लिहायला बसतो. वेल्सचे स्वतःचे मुलगे लहान असल्याने बचावले होते. जमिनीवर त्यांच्या शेजारी रांगणाऱ्या बापाला मात्र ती मुले आणखी चार-पाच वर्षांनी मोठी असती तर काय झाले असते, हे कळत नसेल असे मानवत नाही. युद्ध संपेपर्यंत नव्वद लाखांहून अधिक सैनिक मेले होते.

नंतरचा वेल्स उपदेशक झाला. १९१९-२० मध्ये त्याने जगाचा इतिहास लिहिला; राष्ट्राराष्ट्रांचे वेगवेगळे इतिहास शिकवल्यानेच मुले शत्रू होऊन मोठी होतात, ही त्यामागची तळमळ होती. तुरुंगातून इंदिरेला जगाच्या इतिहासाची पत्रे लिहिणाऱ्या पंडित नेहरूंना या ग्रंथाचा मोठा आधार झाला. तो लेनिनला भेटला, स्टॅलिनला भेटला, १९३० मध्ये जिनिव्हात रवींद्रनाथ टागोरांशी त्याचा संवाद झाला. मधुमेह झाल्यावर १९३४ मध्ये डॉक्टर लॉरेन्स यांच्याबरोबर त्याने ब्रिटनमध्ये मधुमेहींची संघटना उभी केली. एमी १९२७ मध्येच कर्करोगाने गेली होती.

१९३४ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्याने ब्रॉमलीच्या टेकडीवरच्या त्या मुलाकडे पुन्हा पाहिले. इतके निर्दय आत्मपरीक्षण फार थोड्या लेखकांना जमले असेल. हिटलर जर्मनीत नुकताच सत्तेवर आला होता. तेराव्या वर्षी आपण जी दिवास्वप्ने पाहत होतो, तीच या माणसाच्या रूपाने खरी होऊन अवतरली आहेत, असे वेल्सने लिहिले. शिशाच्या शिपायांचा आपला खेळ हा त्याच मुलाचा अवशेष होता आणि १९१४ पर्यंत तो आपल्यात जिवंत होता, हेही त्याने लपवले नाही. युद्धाकडे जबाबदार प्रौढाप्रमाणे पाहायला आपण १९१६ ते १९२० च्या दरम्यान कधीतरी शिकलो, असा त्याचा हिशेब होता. म्हणजे 'लिटल वॉर्स'च्या शेवटी त्याने शहाणपणाची जी भाषा केली होती, ती त्याच्याच मते पुरती पचलेली नव्हती. प्रस्तुत लेखकाला वाटते, येथे वेल्स स्वतःवर थोडा अन्याय करतो. खेळाने त्याला युद्धखोर केले नाही. वर्तमानपत्रे, झेंडे आणि गर्दी यांनी जे १९१४ मध्ये लक्षावधी लोकांचे केले, तेच त्याचेही केले, आणि त्यातल्या पुष्कळांनी आयुष्यात कधी खेळण्यातला शिपाई हाती धरला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना म्हातारा वेल्स रीजंट्स पार्कजवळचे आपले घर सोडायला तयार झाला नाही. त्याची अणुबाँबची कादंबरी १९३२ मध्ये लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाने वाचली होती आणि पुढच्याच वर्षी त्याला अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा बेचिराख झाले तेव्हा तो शब्द निर्माण करणारा लेखक हयात होता. १३ ऑगस्ट १९४६ रोजी वेल्सचे निधन झाले. त्याची रक्षा समुद्रात सोडण्यात आली.

खेळ मात्र चालू राहिला. भयपटांतील भूमिकांनी नावाजलेला अभिनेता पीटर कुशिंग वेल्सच्याच नियमांनी घरी लढाया खेळत असे आणि १९५६ मध्ये त्यावर एक लघुपटही निघाला. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी १९७१ मध्ये मध्ययुगीन लढायांचे नियम प्रसिद्ध केले आणि त्याला ड्रॅगन व जादूगारांची पुरवणी जोडली. त्यातून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जन्मले. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये 'वॉरहॅमर' आले आणि पुतळ्यांच्या काल्पनिक लढाया हा एक मोठा व्यवसाय झाला. 'लिटल वॉर्स'च्या २००४ मधील आवृत्तीला गायगॅक्सनेच प्रस्तावना लिहिली. स्प्रिंगच्या तोफांची जागा आता फाशांनी घेतली आहे. नेम चुकण्याची मजा त्यात नाही, पण डोळ्याला इजा होण्याची भीतीही नाही.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी भारतात स्वामित्वहक्क संपत असल्याने २००७ पासून या पुस्तकाचे मराठी भाषांतर कोणालाही करता येते. नियम थोडक्या पानांत मावतात. दिवाळीच्या किल्ल्यासमोर ते करून पाहायचे असतील, तर तोफेसाठी जुन्या बॉलपेनमधली स्प्रिंग आणि काडीचा तुकडा पुरेल. मातीचे मावळे मात्र लढाईला घेऊ नयेत. पहिल्याच गोळीला त्यांची मान उडते.